शोधेल ड्रोन, पण उचलणार कोण?
समुद्रात अडकलेल्यांच्या सुटकेसाठी ड्रोन घेतले की हेलिकॉप्टरचा तुटवडा मिटेल असं काही जण म्हणतात, ते माणसं शोधण्यापुरतं पटतं. पण मे 2021 ला तौक्ते वादळात मुंबईजवळ पी-305 बार्ज (कामगारांच्या राहण्याची तरंगती नौका) बुडाला, त्यावर 261 जण होते, त्यातले कित्येक तासन्‌तास लाइफ जॅकेटवर तरंगत होते, अशा गारठलेल्या माणसाला वरून सोडलेली दोरीसुद्धा धरवत नाही हो, काखेखालून पट्टा अडकवायला हेलिकॉप्टरच्या विंचने (दोर खाली-वर करणारं यंत्र) डायव्हरच खाली उतरावा लागतो.

आणि तुटवडा येतो कुठून तेही बघा, जानेवारी 2025 ला पोरबंदरला कोस्ट गार्डचं ध्रुव हेलिकॉप्टर कोसळलं, तिघं गेले, आणि देशभरातली सुमारे 330 ध्रुव उड्डाणं थांबवून एकदम जमिनीवर ठेवली! तिन्ही दलं आणि कोस्ट गार्ड एकाच मशीनवर एवढी विसंबलेली. रात्रीचा शोध तरी ड्रोनकडे द्याच, अंधारात पायलटचा जीव कशाला घालवायचा.