अ‍ॅल्युमिनियम अँगल कापल्यावर धार राहते, कशी मोडायची?

हिंगणा_शेड:
हिंगणा एमआयडीसीत छोटं शेड आहे आमचं. ब्रॅकेटचं काम चालू आहे, ६०६३ (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा नंबर) चा ३ एमएम अँगल चॉप सॉवर कापतो मग दोन-दोन होल मारतो, ४०० पीस आहेत आणि नंतर पावडर कोटिंगला जाणार. कापल्यावर खालच्या बाजूने पातळ बर, म्हणजे कडेला उरलेला धातूचा पापुद्रा, येऊन राहिली, ब्लेडसारखी धार. काल पोराचं बोट चिरलं, टाके नाही पडले पण मले रात्री झोप नाही आली. कानस मारली तर आठ-दहा पीसमध्ये भरून जाते अन् मग ओरखडे पाडते. बेंच ग्राइंडरवर फिरवून घेऊ का, लवकर होईन?

जुना_फिटर:
ग्राइंडरवर नको भाऊ! अ‍ॅल्युमिनियम मऊ, ते दगडाच्या छिद्रांत बसते, मग दगड कापत नाही नुसता तापते, अन् तापून फुटला तर तोंडावर येते. दुसरं म्हणजे त्याच दगडावर तुम्ही लोखंडही घासत असाल. लोखंडाचा गंज अन् अ‍ॅल्युमिनियमची भुकटी, रेल्वेचे रूळ जोडायला हेच मिश्रण पेटवतात. ग्राइंडरखाली साचलेल्या भुकटीत ठिणगी पडली तर काय होईन ते सांगायला नको.
कानस भरते त्याचा उपाय शाळेतला खडू. कानसेवर चोळून घे, कीस चिकटत नाही. सिंगल कट, म्हणजे एकाच दिशेच्या दातांची कानस घे, पुढे ढकलताना दाब दे अन् मागे आणताना उचल. भरलीच तर तारेचा ब्रश दातांच्या रेषेत मार, आडवा नाही.

बुटीबोरी_सीएनसी:
खडूचं बरोबर आहे पण ४०० पीस कानसेनं करत बसले तर मनगट जाईल. हातात धरायचं डीबरिंग टूल मिळतं, वाकडं ब्लेड असतं आणि ते स्वतःभोवती फिरतं, कडेला टेकवून एकदा ओढलं की बर दोऱ्यासारखी निघून येते. जोर लावू नका, जोर लावला की कडेवर लाटा उठतात. होलसाठी काउंटरसिंक, म्हणजे होलच्या तोंडाची कड कापणारा शंकूसारखा बिट, तो नसेल तर होलपेक्षा मोठा ड्रिल बिट हातानेच दोन फेऱ्या फिरवा, आणि मागची बाजू विसरू नका कारण ड्रिल जिथून बाहेर पडतं तिथेच जास्त बर असते. पीस व्हाइसमध्ये धरताना जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावा नाहीतर खुणा पडतील.

पावडर_कोट_नागपूर:
आमच्याकडे असे पीस येतात म्हणून सांगते. नुसती बर काढून भागत नाही, कड थोडी गोल पाहिजे, अर्धा एमएम तरी. भट्टीत पावडर वितळली की टोकदार कडेवरून मागे सरकते, तिथे थर पातळ राहतो आणि पहिल्यांदा तिथूनच सुटतो. बर काढल्यावर २२० नंबरचा एमरी पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून दोन हात मारा.

हिंगणा_शेड:
डीबरिंग टूल आणलं. पोरानं अर्ध्या तासात ६० पीस केले, हातमोजे घालायला लावले. होलचं काम मी करून राहिलो. पण बर एवढी येते काहून?

जुना_फिटर:
ब्लेड पाह्य. लाकडाचं लावलं असन तर काढ, अ‍ॅल्युमिनियमचं कार्बाइड दाताचं येते, १० इंचीला १०० च्या आसपास दात. कापताना ब्लेडला मेण लाव अन् हळू उतरव.