मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन आरव्हीने साउथ पाद्रे आयलंड (टेक्सास)

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसजवळ राहतो. एप्रिलमध्ये माझे आई-बाबा चिपळूणहून येताहेत. त्यांना घेऊन आठवडाभर साउथ पाद्रे आयलंडला जायचं मनात आहे, तेही आरव्ही (आतच पलंग, स्वयंपाकघर आणि बाथरूम असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन. आम्ही दोघं, मुलं (९ आणि ५ वर्षं) आणि आई-बाबा असे सहाजण आहोत. माझ्या नवऱ्याने किंवा मी आरव्ही कधी चालवलेली नाही.

आरव्हीच का, हे आधी सांगते. आईला मधुमेह आहे आणि गुडघे दुखतात. प्रवासात तिला दर तास-दीड तासाने बाथरूमला जावं लागतं. हायवेवर सारखं कुणाला थांबवायचं तिला जिवावर येतं, म्हणून प्रवासाच्या दिवशी ती पाणीच पीत नाही. मागच्या खेपेला ह्यूस्टनहून परतताना तिला त्याचा त्रास झाला होता. गाडीतच बाथरूम असेल, तिचं पथ्याचं जेवण गाडीतच होत असेल, तर ती मोकळेपणाने बसेल असं मला वाटतं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी फोटो बघूनच "पाण्याची टाकी कुठे असते यात?" असं विचारलं, म्हणजे त्यांचीही तयारी आहे.

मला विचारायचंय ते असं. सहाजणांत दोन ज्येष्ठ असतील तर केवढी गाडी घ्यावी? डॅलसपासून साधारण साडेपाचशे मैल आहे, तर मुक्काम कुठे करावा? बेटावर आरव्ही कुठे लावावी? परतीच्या वाटेवर बॉर्डर पट्रोलचं (सीमेवरच्या पोलिसांचं) चेकपॉइंट लागतं असं ऐकलं, तिथे व्हिजिटर व्हिसावरच्या आई-बाबांना काय कागद लागतील? आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे समुद्र नीट अनुभवता येतो का? आईचं माहेर गुहागरचं आहे. तिला नुसता लांबून समुद्र दाखवून आणायचं नाहीये.

घाटवाट

आम्ही ह्यूस्टनहून सासू-सासऱ्यांना घेऊन आरव्हीने तिथे गेलो होतो. जरूर जा.

गाडी 'क्लास सी' घ्या, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. साधारण २८ ते ३० फुटी. टेक्सासच्या नेहमीच्या लायसन्सवर ती चालवता येते, वेगळी परीक्षा नाही. बुक करताना बाकी काही बघा न बघा, मागच्या खोलीतला पलंग नीट बघा. काही गाड्यांत तो कोपऱ्यात भिंतीला चिकटलेला असतो आणि आतल्या माणसाला रात्री दुसऱ्याच्या अंगावरून उतरावं लागतं. दोन्ही बाजूंनी उतरता येईल असाच पलंग मागा. वरचा पलंग मुलांना द्या. दाराच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, त्यामुळे आईंसाठी एक रुंद, न घसरणारं स्टूल बरोबर ठेवा.

आता बाथरूमबद्दल, कारण तुमचा सगळा बेत त्यावर आहे. गाडी चालू असताना आईंनी उठून बाथरूमला जायचं नाही. त्या गाड्या डुलतात, आणि करकचून ब्रेक लागला तर धरायला काही नसतं. सगळ्यांनी बेल्ट लावून बसायचं. फरक एवढाच, की थांबायला पंप किंवा रेस्टॉरंट शोधावं लागत नाही. रेस्ट एरियात गाडी लावली की आपलं बाथरूम आपल्याजवळ. आमच्या सासूबाईंना तेवढ्यानेच हायसं वाटलं होतं. तुम्ही त्यांनी सांगायची वाट बघू नका, ठरवून दर तासाला थांबत जा.

धाकट्याला बूस्टर सीट (मुलाला उंच बसवणारी बैठक) लागेल. टेक्सासमध्ये ८ वर्षांखालच्या मुलाला, उंची ४ फूट ९ इंच झालेली नसेल तर, ते सक्तीचं आहे. ते पुढे तोंड असलेल्या सीटवरच लावा, आडव्या सोफ्यावर नाही. सहा बेल्ट आहेत का आणि त्यातले पुढे तोंड असलेले किती, हे पैसे भरण्याआधी विचारा.

रस्ता: आय-३५ ने सॅन अँटोनियो, तिथून आय-३७ ने कॉर्पस ख्रिस्तीच्या अलीकडे, मग यूएस ७७ ने थेट दक्षिणेला. सॅन बेनिटोच्या पुढे टेक्सास १०० हा रस्ता धरून पोर्ट इसाबेल, आणि पूल ओलांडला की बेट. एका दिवसात करू नका. आरव्ही ताशी ६०-६५ मैलांच्या वर पळवायची नसते, आणि तासातासाला थांबणार म्हणजे पहिला मुक्काम सॅन अँटोनियोच्या आसपास पडेल. दम असेल तर मॅथिसजवळ लेक कॉर्पस ख्रिस्ती स्टेट पार्कपर्यंत जा. तिथे आरव्हीला वीज-पाणी मिळतं आणि तळ्याकाठी छान वाटतं, पण जागा आधी राखून ठेवा.

किंग्जव्हिलला टाकी भरा. रिव्हिएरा मागे पडलं की रेमंडव्हिलपर्यंत नुसती रँच, पवनचक्क्या आणि मोकळं रान. पन्नासहून जास्त मैल पेट्रोल मिळत नाही, आणि आरव्ही गॅलनला जेमतेम ८-१० मैल देते.

नारळीपौर्णिमा

मी थोडं वेगळं सुचवते. आरव्ही तुम्ही चालवायचीच कशाला? बरेच मालक आरव्ही पार्कमध्ये आणून, वीज-पाणी जोडून देतात आणि शेवटी घेऊन जातात. तुम्ही मिनीव्हॅनने जा. वृद्ध माणसं, लहान मुलं, आणि पहिल्यांदाच ३० फुटी गाडी हातात, हे मला धोक्याचं वाटतं. शिवाय आरव्ही एकदा लावली की बेटावर फिरायला गाडी नसते. दूध आणायचं तरी सगळं सोडवून निघावं लागतं.

मूळ प्रश्नकर्ती

नारळीपौर्णिमा, तुमची काळजी कळते आणि सूचना चांगली आहे. पण मिनीव्हॅनने गेलो तर आई पुन्हा पाणी पिणार नाही, आणि माझी अडचण बेटावरची नाही, रस्त्यावरचीच आहे. गाडीचा मुद्दा मात्र पटला. माझा भाऊ ऑस्टिनला असतो, तो त्याची गाडी घेऊन तिथून आमच्याबरोबर येईल का विचारते. आरव्ही चालवायचा सराव आम्ही आधी करू. एक दिवस लवकर ताब्यात घेऊन मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये वळवणं, मागे घेणं सगळं करून बघू.

घाटवाट

अगदी तसंच करा. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, ते एकदा बाहेर उभं राहून बघा. गाडीची उंची कागदावर लिहून काचेजवळ चिकटवा, साधारण ११-१२ फूट असते. झाडाच्या फांद्या आणि ड्राइव्ह-थ्रूची छतं लक्षात ठेवा. ताब्यात घेताना आतून-बाहेरून व्हिडिओ काढा. टायरवर डीओटीच्या पुढे शेवटचे चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आरव्ही उभ्या-उभ्या जुन्या होतात. नक्षी नवीकोरी दिसते, पण रबर आतून वाळलेलं असतं आणि टेक्सासच्या उन्हात फुटतं. पाच-सहा वर्षांपेक्षा जुने टायर असतील तर दुसरी गाडी मागा. हे काम बाबांना द्या, ते हक्काने करतील.

रोजच्या मैलांची मर्यादाही विचारा. तुमचं जाऊन-येऊन अकराशे मैल होणार, आणि वरच्या मैलांचे पैसे वेगळे लागतात. घरच्या कारचा विमा भाड्याच्या आरव्हीला चालेलच असं नाही. क्रेडिट कार्डाचं संरक्षणही बहुधा आरव्हीला वगळतं. विमा वेगळा घ्या.

तिखटमीठ

स्वयंपाकाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

आरव्ही ३० अँपची असेल तर एकूण वीज ३६०० वॅट. एसी चालू आहे, मायक्रोवेव्ह चालू आहे आणि तुम्ही इंडक्शन लावलं, की ब्रेकर पडलाच. कुकर प्रोपेनच्या शेगडीवर लावा. फोडणी मात्र आत करू नका. जागा एवढीशी असते, धुराचा अलार्म वाजतो आणि वास पडद्यांत बसतो. काही मालक त्याचे साफसफाईचे पैसे लावतात. लहान गॅसची शेगडी घेऊन बाहेरच्या बाकावर फोडणी करा, पण एप्रिलमध्ये तिथे वारा जबरदस्त असतो, तेव्हा आडोसा हवा. भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, दळून आणलेली चटणी असं घरून न्या. ताजी भाजी-दूध हार्लिंजनच्या एचईबी सुपरमार्केटमध्ये भरून घ्या. इन्सुलिन असेल तर आरव्हीच्या फ्रिजमध्ये एक थर्मामीटर ठेवा. ते फ्रिज कधी नीट गार होत नाहीत, कधी कडेच्या वस्तू गोठवतात, आणि गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

आणि टाक्या. संडासाची ती ब्लॅक टँक, बेसिन-आंघोळीची ती ग्रे टँक. आपल्याकडे पाणी वापरायची सवय, त्यामुळे ब्लॅक टँक इतरांपेक्षा लवकर भरते, मीटरवर लक्ष ठेवा. पार्कमध्ये पाइप जोडलेला असला तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी निघून जातं आणि मैला तळाशी घट्ट बसतो. दोन-तृतीयांश भरल्यावर आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे लागतातच.

ऑस्टिनची चिमणी

माझं आवडतं बेट! राहायला आयला ब्लांका पार्क बघा. कॅमेरॉन काउंटीचं आहे, बेटाच्या दक्षिण टोकाला, आणि समुद्र चालत जाण्याइतका जवळ. थंडीत ते उत्तरेकडच्या निवृत्त मंडळींनी भरलेलं असतं, पण एप्रिलपर्यंत बरेचसे परततात. ईस्टरचा आठवडा टाळा. मेक्सिकोतून खूप कुटुंबं येतात आणि पुलावर रांगा लागतात. तिथून खाडीच्या पलीकडे बोका चिकाचा स्पेसएक्सचा रॉकेट तळ दिसतो. उड्डाण असेल त्या दिवशी पार्कात पाय ठेवायला जागा नसते, पण तुमच्या ९ वर्षांच्या मुलाला तेच हवं असेल.

आईंच्या गुडघ्यांबद्दल. मेक्सिकोच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम दीड-दोन फूट. कोकणासारखं पाणी पार लांब जात नाही, त्यामुळे खुर्ची पाण्याच्या कडेला टाकून पाय भिजवत बसता येतं. रिप करंट (आत समुद्राकडे ओढून नेणारे प्रवाह) मात्र धोकादायक असतात. लाल झेंडा असेल तर मुलांना गुडघ्यापुढे जाऊ देऊ नका. वाळूवर निळे-जांभळे फुगे दिसले तर कुणी हात लावायचा नाही. ते 'पोर्तुगीज मॅन ओ' वॉर', जेलीफिशसारखे जीव, मेलेले असले तरी डंख करतात. बेटाच्या पश्चिमेला लगुना माद्रे आहे. उथळ, लाटा नसलेलं आणि समुद्राहून खारट पाणी, कारण पाऊस कमी, मोठी नदी मिळत नाही आणि ऊन भरपूर. सूर्योदय समुद्रावर बघा आणि सूर्यास्त लगुनावर, मध्ये अंतर फारसं नाहीच.

एप्रिलचं खरं वैभव म्हणजे पक्षी. मध्य अमेरिकेकडून आखात ओलांडून आलेल्या चिमुकल्या वॉर्बलर्सना लागणारी पहिली जमीन म्हणजे हे बेट. समोरून उत्तरेचा वारा आणि पाऊस आला तर दमलेले पक्षी शेकड्यांनी झाडाझुडपांत उतरतात, अगदी हाताच्या अंतरावर. बर्डिंग सेंटरला लाकडी वाट पाणथळीवरून जाते, व्हीलचेअरही जाते. गुलाबी स्पूनबिल आणि मगरींचे भाऊबंद ॲलिगेटर सहज दिसतात.

गुहागरच्या माणसाला 'सी टर्टल इन्क'ला न्याच. १९७७ साली इला लोशर या बाईंनी सुरू केलेलं कासवांचं रुग्णालय आहे ते. आपल्या वेळासला येतात त्या ऑलिव्ह रिडलेची सख्खी बहीण शोभेल अशी केम्प्स रिडले इथली. १९८५ मध्ये तिची जगभरात मिळून फक्त ७०२ घरटी उरली होती. आपल्याकडच्या रात्री येतात, ही दिवसाढवळ्या अंडी घालायला वाळूवर येते, आणि एप्रिल हा त्या हंगामाचा सुरुवातीचा महिना. पिल्लं सोडतात ती जून ते ऑगस्टमध्ये, ती तुम्हाला मिळणार नाहीत. पण मादी दिसली तर लांब उभं राहून तिथल्या लोकांना फोन करायचा.

काळाघोडा

चेकपॉइंटचं सांगतो. यूएस ७७ वर सरिताच्या दक्षिणेला, फक्त उत्तरेकडे जाणाऱ्यांसाठी. प्रत्येक गाडी थांबते. यूएस २८१ ने परतलात तर फॅलफुरियासला तसंच आहे, म्हणजे टाळता येत नाही आणि टाळायचं कारणही नाही. आई-बाबांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची) छापील प्रत हाताशी ठेवा. १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा कागद जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर पासपोर्ट, आय-९४ आणि आय-७९७ (मंजुरीचं पत्र). ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड. मुलं इथे जन्मली असतील तर त्यांचे पासपोर्ट. सगळं एका फोल्डरमध्ये, पुढच्या सीटजवळ. मागच्या खोलीतल्या बॅगेत नको.

बाबांना आधीच समजावून ठेवा की कुत्रा गाडीभोवती फिरेल, एखादा अधिकारी दारातून आत डोकावेल, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. प्रश्न त्यांना विचारला तर त्यांनाच उत्तर देऊ द्या, भाषेची अडचण आली तरच तुम्ही बोला.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आय-९४ हे मला सुचलंच नसतं, छापून ठेवते. भाऊ गाडी घेऊन येतोय. ईस्टरनंतरचा आठवडा ठरवलाय आणि आयला ब्लांकाला जागा मागितली आहे. आईला फोनवर कासवांचं सांगितलं तर ती म्हणाली, "वेळासला जायचं राहूनच गेलं गो." आता तिथे न्यायचंच.

एकच शंका राहिली. त्या लांब पुलावर एवढी उंच गाडी वाऱ्यात कशी न्यायची?

घाटवाट

पूल जवळजवळ अडीच मैलांचा आहे, टोल नाही. मधला भाग जहाजांसाठी उंच केलाय, वारा तिथे आडवा लागतो. निघायच्या आदल्या दिवशी पोर्ट इसाबेलचा वारा बघा. दुपारी तो वाढतो, म्हणून पूल सकाळीच ओलांडता येईल असा शेवटचा मुक्काम हार्लिंजनच्या आसपास घ्या. उजवी लेन धरा, वेग कमी ठेवा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी. वाऱ्याचे झोत ताशी चाळीस मैलांच्या पुढे असतील तर पोर्ट इसाबेलला थांबा. तिथे १८५२ सालचं दीपगृह आहे, त्याच्या मैदानात बसून जेवण उरका आणि वारा पडला की निघा.

आणि पूल चढायच्या आधी आईंना एकदा बाथरूमला जाऊन येऊ दे.