इंग्लंडने विकलेली रेल्वे परत सरकारकडे का घेतली? जाणकारांनी सांगा

तापीकाठ_अमळनेर
मंडळी नीट समजून घ्यायचंय म्हणून विचारतो. माझा मावसभाऊ लंडनजवळ वोकिंगला राहतो, रोज वॉटर्लूपर्यंत ट्रेननं कामाला जातो. तो सांगत होता की त्याची साऊथ वेस्टर्न रेल्वे २५ मे २०२५ पासून सरकारी झाली, आणि बाकीच्या कंपन्याही एकेक करून सरकार घेणार. आणि इकडे आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन दिवसांनी कोणीतरी टाकतं की रेल्वे विकून टाका मग बघा कशी वेळेवर धावते. मी सुरत लाइनवर वीस वर्षं अपडाऊन केलंय, लेट गाड्या, दारात लटकणं सगळं भोगलंय, तरी विकून टाका हे मनाला पटत नाही, पण वाद घालायला माहिती पाहिजे ना. ज्यांनी विकून पाहिली तेच परत का घेऊन राहिले? आणि परत घ्यायला पैसे किती मोजले?

चाबीवाल्याचा_पोरगा
भाऊ, माझे वडील भुसावळ सेक्शनला चाबीवाला होते. रोज पहाटे हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, रूळ पकडून ठेवणारी चाबी ढिली झाली तर ठोकायची, तडा दिसला तर लाल झेंडी लावून गाडी थांबवायची. तो रूळ 'आपला' असायचा, कुठे पाणी साचतं, कुठे खडी खचते हे त्यांना पाठ होतं. इंग्लंडमध्ये १९९३ च्या कायद्यानं नेमकं हेच मोडलं. रूळ, सिग्नल, स्टेशनं रेलट्रॅक नावाच्या कंपनीला, गाड्या चालवणं पंचवीस वेगळ्या कंपन्यांना, डबे तिसऱ्यांना, आणि रुळाची दुरुस्ती रेलट्रॅकनं पुन्हा ठेकेदारांना दिलेली. १७ ऑक्टोबर २००० ला हॅटफिल्डजवळ ताशी १८५ किमीच्या वेगात गाडी रुळावरून उतरली, ४ माणसं गेली, ७० च्या वर जखमी. रुळाला कडेला बारीक बारीक तडे गेले होते आणि गाडीखाली त्याचे ३०० च्या वर तुकडे झाले. हा रूळ बदलायचाय हे आधीपासून माहीत होतं! पण सांगणारा वेगळा, करणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा, त्यात काम राहून गेलं. मग असे तडे अजून कुठे कुठे आहेत हे रेलट्रॅकला खात्रीनं सांगता येईना म्हणून देशभर शेकडो ठिकाणी वेग कमी केला, महिनोन्‌महिने गाड्या रखडल्या. वर्षभरात रेलट्रॅक बुडाली, २००२ मध्ये रूळ नेटवर्क रेलकडे गेले, ही नफ्यासाठी चालणारी कंपनी नाही, आणि तिनं पुढे दुरुस्तीचं काम ठेकेदारांकडून काढून परत आपल्या माणसांकडे घेतलं. परत घेणं तिथूनच सुरू झालंय, २०२५ हा पुढचा टप्पा.

धुळे_चाळीसगाव_मेमू
एकच बाजू येऊन राहिली म्हणून लिहितो. खासगी झाल्यावर तिकडे प्रवासी दुपटीपेक्षा जास्त वाढले, हे पण सांगा ना. आणि जपाननं १९८७ ला रेल्वेचे भाग पाडले, आज टोकियोकडची सेवा जगात नावाजलेली. सरकारी म्हणजे चांगलं असं डोळे झाकून कसं म्हणायचं? आपल्या स्टेशनातले नळ बघा.

चाबीवाल्याचा_पोरगा
नळाचं बरोबर आहे दादा, त्यासाठी भांडलंच पाहिजे. प्रवासी वाढले हेही खरं, पण त्या सगळ्या काळात सरकारचा पैसा रेल्वेत जातच होता, बंद झाला नाही. जपानमध्ये भाग पाडले ते प्रदेशानुसार, ज्या कंपनीची गाडी तिचाच रूळ, म्हणजे जबाबदार कोण ते तरी कळतं. आणि तिथेही वस्ती विरळ असलेल्या होक्काइदोची कंपनी लाइनी बंद करत आली आहे. टोकियोचं उदाहरण मुंबईला लागू होईल. आमच्या नरडाणा, शिंदखेड्याला होक्काइदोचं लागू होईल, ते आधी बघा.

केळीबाग_रावेर
मी शेतकरी आहे, मला एवढंच कळतं की ट्रकवाल्यानं भाडं वाढवलं तर मी दुसरा ट्रक बघतो, पण रूळ एकच आहे. मालगाडीचा रॅक (डब्यांची रांग) नाही लागला तर कापलेला केळीचा माल झाडाला परत लावता येत नाही, दोन दिवसात पिकायला लागतो. आज निदान खासदाराच्या दारात जाऊन बसता येतं, निवेदन देता येतं, उद्या मालक दुसऱ्या देशात असला तर कोणाच्या दारात बसू? २०२० मध्ये आपल्याकडे १०९ मार्गांवर १५१ खासगी गाड्यांचं ठरलं होतं, त्यात सकाळची पॅसेंजर मागायला कोणी आलं असतं का? बोली लावायलाच जेमतेम दोघं आले, त्यातली एक सरकारीच कंपनी, आणि ते बारगळलं.

निवृत्त_मास्तर_पाचोरा
मुलांनो, आपली रेल्वे मुळात खासगीच होती हे विसरू नका. भुसावळ ज्या जीआयपीनं (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) वसवलं ती लंडनची कंपनी, आणि तिला सरकारनं ५ टक्के व्याजाची हमी दिलेली. नफा कमी पडला की फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या शेतसाऱ्यातून. काटकसर करायचं कारणच नव्हतं कंपनीला. दादाभाई नौरोजींपासून लोक यावर बोलत होते. शेवटी रेल्वेचा कारभार कोणी चालवावा हे बघायला अॅकवर्थ समिती बसली, तिचे अध्यक्ष अॅकवर्थ स्वतः इंग्रज, त्यांनीच सरकारी कारभाराच्या बाजूनं मत दिलं, आणि १ जुलै १९२५ ला जीआयपी सरकारनं ताब्यात घेतली. वोकिंगच्या गाडीच्या जवळपास शंभर वर्षं आधी.

तापीकाठ_अमळनेर
मास्तर नमस्कार, हे तर माहीतच नव्हतं. पण पैशाचं कोणी सांगितलं नाही.

चाबीवाल्याचा_पोरगा
तिकडे गाड्या चालवायचा फक्त करार होता, मुदत संपली की सरकार स्वतः चालवायला घेतं, त्यामुळे विकत घ्यायची वेळच येत नाही. २०२४ चा कायदा हेच सांगतो. लंडनहून एडिनबर्गला जाणाऱ्या ईस्ट कोस्ट लाइनवर तर खासगी कंपन्या २००९ आणि २०१८ ला करार निभावू शकल्या नाहीत, दोन्ही वेळा सरकारलाच चालवावी लागली, आणि मधल्या सरकारी वर्षांत त्याच लाइननं तिजोरीत सुमारे १०० कोटी पौंड भरले. न्यूझीलंडनं मात्र १९९३ ला सगळं विकलं होतं, त्यांना २००४ मध्ये रूळ एक डॉलरला परत मिळाले, पण २००८ ला गाड्या आणि फेरीबोटींसाठी जवळपास ६७ कोटी न्यूझीलंड डॉलर मोजावे लागले. आणि ब्रिटनमध्ये डबे अजून भाड्याचेच आहेत, ते भाडं आजही कंपन्यांना जातं, मालगाड्याही खासगीच. काम बरंच बाकी आहे त्यांचं.

तापीकाठ_अमळनेर
आज रात्रीच ग्रुपवर टाकतो हे सगळं. भाऊ, वडील आहेत ना? नमस्कार सांगा त्यांना.

चाबीवाल्याचा_पोरगा
आहेत, ८१ चालू आहे. घर लाइनीजवळच आहे, अजून पहाटे चारला जाग येते, आणि गाडीचा आवाज वेगळा आला की म्हणतात तिथे खालून खडी सरकली आहे, कोणीतरी जाऊन बघायला पाहिजे.