डिसोझा, डिसूझा की डिसोजा?

मुद्रितशोधक

दिवाळी अंकाची प्रुफं हातात आहेत. चार लेखांत एकच आडनाव चार तऱ्हांनी आलंय: डिसोझा, डिसूझा, डिसोजा, आणि एका हिंदीतून भाषांतर झालेल्या लेखात नुक्त्यासकट, म्हणजे अक्षराखालच्या टिंबासकट, डिसूज़ा. संपादक म्हणतात, एक काहीतरी ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. पण ठरवायचं कशावर? इंग्रजीकडे पाहावं तर तिथेही गोंधळ. कुणी मध्ये 'एस' लिहितं, कुणी 'झेड'. कुणी 'डी'नंतर वर स्वल्पविरामासारखी खूण देतं, कुणी 'डी' लावतच नाही. मूळ उच्चार काय, आणि हे नाव मुळात आहे तरी काय?

निर्मळकर

आम्ही वसईचे. रेशनकार्डावर डिसोजा, माझ्या शाळेच्या दाखल्यावर डिसोझा, आणि आधारवर संगणकाने स्वतःच्या मर्जीने केलेलं डिसूझा. घरात बोलताना 'डिसोजा'च, पण तो 'ज' राजातला नाही, मजेतला. एवढं सांगते आणि थांबते, बाकीचं जाणकारांनी सांगावं.

व्युत्पत्तीवाला

आधी 'काय आहे' ते घेऊ. सोझा ही नदी आहे. पोर्तुगालच्या उत्तर भागात फेल्गेइरास, लोझादा, पेनाफिएल या गावांच्या परिसरातून वाहत ती पोर्तू शहराच्या थोडं वर दोरू नदीला मिळते. संगमावरच्या गावाचं नावच मुळी 'फोझ दु सोझा', म्हणजे सोझेचं मुख. खोऱ्यात पासो दि सोझा नावाचा जुना मठ आहे. पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो हेन्रीकिश याचा पालक-गुरू एगास मोनीझ याची समाधी तिथे आहे. या मुलुखावर ज्या सरदार घराण्याची सत्ता होती त्याने अकराव्या शतकाच्या सुमारास मुलुखाचंच नाव लावायला सुरुवात केली. तेव्हा 'दि सोझा' म्हणजे सोझाचा, सोझाहून आलेला.

आपल्याकडे हेच काम 'कर' करतो. आपला प्रत्यय गावाच्या मागे लागतो, त्यांचं अव्यय पुढे. सरळ मराठी करायचं तर डिसोझा म्हणजे सोझेकर.

बारीक गंमत बघा. संगमाच्या गावात 'दु सोझा' आहे, कारण नदी पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी आहे आणि 'दु' हा 'दि' अधिक पुल्लिंगी उपपद असा जोड आहे. आडनावात मात्र नुसता 'दि'. म्हणजे आडनाव थेट नदीवरून नाही, नदीचं नाव घेतलेल्या मुलुखावरून आलं. याच न्यायाने सिल्वाच्या आधी 'दा' येतो, कोस्ताच्या आधी 'दा', रोझारिओच्या आधी 'दु', सांतोसच्या आधी 'दुश'. ही सगळी वेगवेगळी अव्ययं आपल्याकडे येऊन एका 'डि'त विरघळली: डिसोझा, डिसिल्वा, डिकोस्टा, डिकुन्हा. मूळ भाषेत शेवटच्या तिन्हींत 'दा' आहे.

आता नदीच्या नावाचं मूळ. आडनावांच्या पुस्तकांत सर्रास छापलेलं असतं की लॅटिन 'साक्सा' म्हणजे खडक, त्यावरून सोझा. मला हे पटत नाही. लॅटिन 'साक्सुम'पासून पोर्तुगीजमध्ये 'सेइशो' झालेला आहे, अर्थ गोटा. 'सेइशास' हे आडनावही त्यावरूनच. त्याच शब्दाचं एका गावी सेइशो आणि शेजारी सोझा व्हायला काही कारण दिसत नाही. नद्यांची नावं बहुधा रोमन येण्याच्या आधीची असतात, हेही तसंच असावं.

मुद्रितशोधक

सोझेकर! आमच्या संपादकांना हे सांगितलं तर अंकभर तेच छापतील. पण मग वसई-गोव्यातले सगळे सोझेकर त्या खोऱ्यातून आले?

व्युत्पत्तीवाला

छे. इथेच 'कर'ची उपमा तुटते. आपला एखादा नेवासकर पुण्यात चार पिढ्या राहिला तरी त्याचा कुणीतरी पूर्वज नेवाशाचा असतो, निदान तसं मानलं जातं. इथल्या डिसोझांचा त्या नदीशी रक्ताचा संबंध बहुतेक नसतोच. गोवा पोर्तुगीजांकडे गेला 1510 मध्ये, बार्देस आणि साष्टी (गोव्यातली, मुंबईजवळची नव्हे) 1543 मध्ये. धर्मांतराच्या वेळी नव्या ख्रिस्ती माणसाला बाप्तिस्म्याचं नाव मिळे आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याला साक्षीला उभा राहणाऱ्याचं, किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं. एकाच दिवशी अख्ख्या वाड्याला एकच आडनाव मिळाल्याचीही उदाहरणं आहेत, आणि सख्ख्या भावांना दोन धर्मपिते असले तर दोन आडनावं. म्हणून आडनाव एक म्हणजे भाऊबंद, हे गणित तिथे चालत नाही.

एक योगायोग सांगतो, मला तो फार आवडतो. मार्तीं आफोन्सो दि सोझा नावाचा दर्यासारंग होता. त्याने 1532 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर साँ व्हिसेंत ही पोर्तुगीजांची तिथली पहिली कायमची वसाहत उभी केली. पुढे तोच माणूस 1542 ते 1545 गोव्याचा गव्हर्नर होता, आणि फ्रान्सिस झेवियर गोव्याला आले ते त्याच्याच ताफ्यातून. ब्राझीलचा पहिला गव्हर्नर-जनरल तोमे दि सोझा, त्याने 1549 मध्ये साल्वादोर वसवलं. म्हणजे या आडनावाची दोन सर्वांत मोठी ठाणी, ब्राझील आणि आपली पश्चिम किनारपट्टी, दोन्हीकडे सुरुवातीच्या अंमलदारांत सोझा आहेत. सगळ्यांना नाव त्यांच्यामुळे मिळालं असं नव्हे, पण नाव वजनदार होतं एवढं खरं.

तेजोकाठ

मी काही वर्षं लिस्बनला होतो, उच्चाराचं मी सांगतो.

पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला 'एस' हा 'झ'सारखा वाचतात. त्यामुळे 'एस' लिहा की 'झेड', उच्चार एकच. पोर्तुगालने 1911 मध्ये लेखन सुधारलं आणि तिथे 'एस' पक्का झाला. ब्राझीलमध्ये जुनं 'झेड'वालं रूप जोरात आहे, शेजारी 'एस'वालंही नांदतं. तिथल्या मुलांचे लाडके व्यंगचित्रकार मॉरिसिओ दि सोझा 'एस'ने लिहितात. भारतात बहुतेक ठिकाणी 'झेड'च टिकला.

पहिला स्वर लिस्बनला 'ओ' असतो. उत्तरेकडे, म्हणजे खुद्द त्या नदीच्या मुलुखात, अजून 'ओउ' ऐकू येतो: सोउझा. 'ऊ' कुठेच नाही. 'सूझा' हा सगळा इंग्रजी वाचनाचा परिणाम, 'सूप' वाचतात तसा. ब्राझीलमध्ये तर 'दि'चा 'जी' होतो, जी सोउझा. आणि लिस्बनकर शेवटचा 'आ' इतका गिळतात की अनोळखी कानाला 'सोझ'च ऐकू येतं.

शिवाय ती वरची खूण. पोर्तुगीजमध्ये 'दि'चा स्वर गळतो तो पुढे स्वर आला तरच, जसं आल्मेइदा किंवा ऑलिव्हेइराच्या आधी. 'सोझा'च्या आधी गळायचं कारणच नाही. डी, खूण आणि मग सोझा, हा इंग्रजी कारकुनी थाट आहे.

निर्मळकर

त्या खुणेने जीव नकोसा केलाय. ऑनलाइन अर्जात ती खूण टाकली की पान लाल होतं, 'अवैध अक्षर' म्हणे. न टाकावी तर पासपोर्टशी जुळत नाही. लग्नाआधीचं आडनाव लोपीस होतं, तेव्हा सुखात होते.

बाय द वे, आमच्याकडे 'दि' तसाच ठेवणारेही आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 2020 च्या उस्मानाबाद साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष. ते कायम 'दिब्रिटो' लिहीत, 'डि' नाही.

व्युत्पत्तीवाला

ताई, हे फार मोलाचं बोललात. पोर्तुगीज 'द' दंत्य आहे, आपल्या 'द'सारखाच. पोर्तुगीजांकडून थेट आलेल्या शब्दांत आपण तो तसाच ऐकला: पाद्री, बादली. 'ड' आला म्हणजे मध्ये इंग्रजी पडलं. दिब्रिटोंचा 'दि' म्हणजे 1739 च्या आधीच्या, चिमाजीअप्पांनी वसई घेण्यापूर्वीच्या कानाची खूण.

तेजोकाठ

मग बटाट्यात 'ट' कसा शिरला? तोही थेट पोर्तुगीजच.

व्युत्पत्तीवाला

सापडलो. बटाटा अपवाद म्हणून सोडा. आणि दिब्रिटोंमध्येही पुढे 'टो' आहेच, तेव्हा माझा नियम अर्धाच धरा.

मोंबासा-मुलुंड

आमचं बालपण पूर्व आफ्रिकेत गेलं, तिथे गोवेकर डिसोझा भरपूर. केनियात फिट्झ दि सोझा नावाचे वकील होते, पुढे केनियाचे पहिले अध्यक्ष झालेल्या जोमो केन्याटांवरच्या कापेंगुरिया खटल्यात बचावाच्या बाजूने उभे राहिलेले. नंतर ते केनियाच्या संसदेचे उपसभापती झाले. पाकिस्तानकडून 1959 ते 1962 या काळात कसोटी खेळलेले अंताओ डिसोझा जन्माने गोव्याच्या नागोव्याचे. म्हणजे गोव्यात लावलेलं पोर्तुगीज नाव, गोवेकर दुसऱ्यांदा घेऊन निघाले.

श्रीलंकेकडेही बघा. तिथे सोझाचं 'सोयसा' आणि 'झोयसा' झालंय. मोरातुवाचे दानशूर चार्ल्स हेन्री दि सोयसा त्यांतलेच. आणि क्रिकेटवेड्यांना आठवत असेल, नुवान झोयसाने 1999 मध्ये हरारेला झिम्बाब्वेविरुद्ध आपल्या पहिल्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले होते. त्या दिवशी वर्तमानपत्र वाचताना 'झोयसा म्हणजे आपला डिसोझा' हे कुणाच्या डोक्यात आलं असेल?

पश्चिम आफ्रिकेची गोष्ट मात्र वेगळी आणि काळी आहे. ब्राझीलच्या साल्वादोरचा फ्रान्सिस्को फेलिक्स दि सोझा आजच्या बेनिनमधल्या उइदाह बंदरात गुलामांचा व्यापार करून गबर झाला. तिथल्या दाहोमे राज्याचा राजा गेझो याने त्याला 'शाशा' हा किताब दिला. 1849 मध्ये तो मेला तेव्हा मागे अवाढव्य खटलं होतं. त्याचे वंशज आजही दि सोझा लावतात, आणि किताबही घराण्यात चालत आलाय. त्यांतले पॉल-एमिल दि सोझा काही महिने देशाचे अध्यक्ष होते, तर आर्चबिशप इसिदोर दि सोझा देशाला लोकशाहीकडे नेणाऱ्या 1990 च्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष. ब्राझीलहून सुटून परतलेल्या गुलामांतही मालकांची अशी पोर्तुगीज आडनावं आली. एकाच गल्लीत विकणाऱ्याचं आणि विकले गेलेल्याचं आडनाव सारखं असू शकतं.

व्युत्पत्तीवाला

गोव्याशी ताडून बघा. इथे धर्मपित्याचं नाव, ब्राझीलमध्ये पुष्कळदा मालकाचं किंवा धर्मपित्याचं, उइदाहला मात्र सख्ख्या बापाचं. 'याचा अर्थ काय' म्हणून एकच उत्तर मागणाऱ्याला हे आडनाव फसवतं.

अमेरिकेची गंमत राहिली. जॉन फिलिप सूझा, लष्करी बँडच्या संगीताचा बादशहा, जन्म वॉशिंग्टन 1854, वडील पोर्तुगीज घराण्यातले. 'सूझाफोन' हे अंगाभोवती गुंडाळायचं पितळी वाद्य त्याच्याच नावाचं. त्याच्याबद्दल अमेरिकेत आवई होती की हा मुळात परदेशी वादक, पेटीवर स्वतःची आद्याक्षरं 'एस. ओ.' आणि पुढे 'यू. एस. ए.' असं लिहून उतरला, आणि ती पाच अक्षरं जोडून आडनाव झालं. त्याने हयातभर हसून ते खोडून काढलं. लोकव्युत्पत्ती काय थराला जाते त्याचा नमुना. आपला हापूस आफोन्सोवरून आला म्हटल्यावर न पटणारे लोक अशा गोष्टींवर मात्र चटकन विश्वास ठेवतात.

मुद्रितशोधक

माहिती खच्चून भरली, पण माझी प्रुफं तशीच आहेत. 'सोझा' बरोबर हे कळलं. पण 'झ' की 'ज'?

तेजोकाठ

पोर्तुगीज आवाजात महाप्राण, म्हणजे 'ह'चा झोत, नाही, म्हणून 'मजा'तला 'ज' जास्त जवळचा. निर्मळकर ताईंचा घरातला उच्चार कानाने अगदी बरोबर आहे. अडचण अशी की मराठी 'ज' दोन तऱ्हांनी वाचला जातो, आणि 'डिसोजा' पाहून पुण्यातला वाचक 'राजा'तला 'ज' लावेल. 'झ' लिहिला तर तो 'माझा'सारखा वाचेल, जो थोडा जड असला तरी चुकीच्या दिशेने जात नाही. नुक्ता हिंदीला लागतो, कारण त्यांच्या 'ज'ला हा उच्चार नाही. आपल्याला तो कशाला? भाषांतरित लेखातला नुक्ता निर्धास्त काढा.

व्युत्पत्तीवाला

माझं मत: सर्वसाधारण उल्लेखात 'डिसोझा'. पण माणूस स्वतः जे लिहितो ते बदलू नका. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा 'डि' लावत नसत, तर त्यांना डिसोझा करायचा आपल्याला अधिकार नाही. गोव्यातल्या साळगावात 1924 मध्ये जन्मलेला, 1947 च्या मुंबईतल्या प्रोग्रेसिव्ह गटाचा हा माणूस मराठीत आधीपासून 'सूझा'च छापला जातोय. तिथे ऊकार राहू द्या. कवयित्री युनिस यांचं 'डी सूझा' असं सुटं लिहितात, तेही तसंच. जेनेलिया आता देशमुख आहेत, तो प्रश्न रितेशने सोडवला.

मुद्रितशोधक

तीन लेखांत डिसोझा केलं, सूझा चित्रकाराला हात लावला नाही. शेवटचं एकच: अंकाच्या मागे व्यक्तिसूची आहे. डिसोझा 'ड'मध्ये घालू की 'स'मध्ये?

तेजोकाठ

लिस्बनच्या टेलिफोन डिरेक्टरीत 'स'मध्ये. तिथे 'दि' धरतच नाहीत.

निर्मळकर

आम्ही नेहमी 'ड'मध्ये असतो हो, डाबरेंच्या खालोखाल. 'स'मध्ये घातलंत तर वसईतला एकही माणूस सापडायचा नाही.