मदत हवी आहे: आईच्या जुन्या फोटोचं पेंटिंग करताना चेहराच पुसला जातोय

वेदवती
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, समजून घ्या. आईचा एक जुना फोटो आहे, पडवीत बसून तांदूळ पाखडतानाचा. त्याला ऑइल पेंटिंगचं रूप देऊन कॅनव्हासवर छापून घ्यायचंय. फिल्टर मारला की चिऱ्याची भिंत, कौलं, सूप सगळं झकास दिसतं, पण आईच्या चेहऱ्याचं पार काहीतरीच होतं. डोळे जातात, त्या जागी तपकिरी डाग. फिल्टर कमी केला की नुसता फोटोच वाटतो. चार रात्री हेच चाललंय. यूट्यूबवर सगळे जवळून काढलेले मोठाले चेहरे घेतात, त्यांचं बरोबर येतं! शनिवारी आईची पंचाहत्तरी आहे, गुरुवारी दुकानात फाइल द्यायची आहे. सेटिंग काय ठेवू तेवढं सांगा.

रंगवेडा
सॉफ्टवेअर कोणतं? फिल्टर कोणता? फोटो किती पिक्सेलचा आणि कॅनव्हास केवढा? हे कळल्याशिवाय कुणीच सेटिंग सांगू शकणार नाही.

नाशिककर
फोटोशॉपचा ऑइल पेंट असणार. त्यात लायटिंगची टिक आधी काढा, तिच्यामुळेच चेहऱ्यावर शेवया पसरल्यासारख्या रेघा येतात. स्टायलायझेशन आणि स्केल दोन्ही कमी ठेवा. मेनूत फिल्टरचं नाव राखाडी दिसत असेल, म्हणजे निवडताच येत नसेल, तर फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या रंगांत) असेल, आरजीबी (स्क्रीनच्या रंगांत) करून घ्या.

वेदवती
फोटोशॉप नाही हो, गिम्प आहे. आर्टिस्टिकमधला ऑइलिफाय. राखाडी वगैरे काही नाही आणि शेवयाही नाहीत, डाग आहेत. कॅनव्हास १६ बाय २४ इंच.

कुंचला
फिल्टरचा नाद सोडा, ताई. क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. फोटो खालच्या लेयरवर, म्हणजे थरावर, ठेवा, वर रिकामा लेयर घ्या, फोटोतूनच रंग उचला आणि ब्रशने स्वतः रंगवा. मी कोविडच्या काळात असंच शिकलो. आधी मोठे ब्रश, डोळे मिटल्यासारखे करून पाहायचं म्हणजे फक्त उजेड आणि सावलीचे तुकडे दिसतात. बारीक ब्रश अगदी शेवटी. फिल्टरला कळत नाही की हा गाल आहे आणि ही भिंत, तुम्हाला कळतं.

वेदवती
कुंचला, पटतंय, पण गुरुवारपर्यंत मी चित्रकला कुठून शिकू?

तात्पुरता
एवढा खटाटोप कशाला? एआयला फोटो द्या, ऑइल पेंटिंग कर म्हणा. अर्ध्या मिनिटात काम.

जास्वंद
एआयला कृपया देऊ नका. मी आजीच्या फोटोचं केलं होतं. चित्र देखणं आलं, पण तिचा किंचित पुढे आलेला दात सरळ झाला आणि कपाळावरचं गोंदण गेलं. बाबांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘ही कोण?’ मी ते छापलंच नाही.

तात्पुरता
चेहरा जसाच्या तसा ठेव असं स्पष्ट सांगावं लागतं. २०१५ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी आपल्या गावातल्या नदीकाठच्या घरांचा फोटो चित्रकार व्हॅन गॉगच्या शैलीत करून दाखवला, तेव्हापासून हे तंत्र कुठल्या कुठे गेलंय. एका वाईट अनुभवावरून सगळंच मोडीत काढू नका.

जास्वंद
घरांची गोष्ट वेगळी. खिडकी जरा इकडेतिकडे झाली तर चालते, आईचा डोळा नाही चालत.

पमाकाका
वेदवती, विषय निघाला म्हणून सांगतो. आमचे वडील कोल्हापुरात एका स्टुडिओत रिटचिंग करायचे. काचेवर निगेटिव्ह ठेवून, खालून उजेड घेऊन, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग भरायचे. मग तपकिरी प्रिंट काढून काडीला कापूस गुंडाळून रंग चढवायचे. आधी मागचा पडदा, मग साडी, मग दागिने. चेहरा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हलका. साडीचा रंग चुकला तर गिऱ्हाईक कुरकुर करतं, चेहरा चुकला तर फोटो परत करतं, असं म्हणायचे.

कुंचला
काका, ते हाताचं कसब होतं. बटण दाबून येतं ते पेंटिंग नव्हे. कॅनव्हासवर छापल्याने फोटो चित्र होत नाही, लोकांची फसवणूक होते.

पमाकाका
फसवणूक कसली? राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. ओलिओग्राफ म्हणजे छापील चित्रच. तैलचित्रासारखं दिसावं म्हणून त्यावर व्हार्निश चढवायचे. आमच्या देवघरात तसली लक्ष्मी होती, आजी तिलाच हळदकुंकू वाहायची. तिला कुणी खोटी म्हटलं नाही.

रंगवेडा
काका, कुंचला, यावर वेगळा धागा काढा, मीही येईन. वेदवती, एक प्रश्न राहिलाच. फोटो तुमच्याकडे कसा आला?

वेदवती
मामेभावाने पाठवला. चिपळूणला त्याच्याकडे अल्बम आहे. मोबाइलने फोटोचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. १२०० बाय १६००, कडा कापून १००० बाय १५०० उरतो. दुसरा फोटो नाही. ते घरही नाही आता, रस्त्यात गेलं.

रंगवेडा
मग दुखणं सापडलं. ऑइलिफाय काय करतो बघा: प्रत्येक ठिपक्याभोवती एक घेर घेतो, त्यात ज्या छटेचे ठिपके सर्वात जास्त, तीच छटा मधल्या ठिपक्याला देतो. तुमचा मास्क रेडियस ८ असेल तर घेर १७ पिक्सेलचा (दोन्हीकडे ८ आणि मधला एक). एवढ्या फोटोत बसलेल्या बाईचा डोळा किती असेल? मोजा.

वेदवती
मोजला. १२ पिक्सेल. रेडियस खरंच ८ आहे.

रंगवेडा
म्हणजे प्रत्येक घेरात त्वचेचं बहुमत, डोळा हरला. भिंत मोठी आहे म्हणून ती वाचते. शिवाय १५०० पिक्सेल २४ इंचांवर ताणले तर इंचाला जेमतेम ६२ येतात. इथे सेटिंग काहीच करू शकत नाही, मूळ फोटो नव्याने आणावा लागेल. प्रिंट ४ बाय ६ ची असेल ना? भावाला स्कॅनर असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवा. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), टिफ किंवा पीएनजी फाइल. म्हणजे २४०० बाय ३६०० पिक्सेल, १६ बाय २४ वर इंचाला बरोबर १५०. कॅनव्हासच्या विणीवर तेवढं पुरतं. आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, फोटो म्हणून नाही, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो पुन्हा लहान करतं.

मग लेयरची प्रत काढा, वरच्या प्रतीवर ऑइलिफाय, तिला पांढरा लेयर मास्क (त्यावर काळं फासलं की तिथे वरची प्रत झाकली जाते). मऊ कडांचा मोठा ब्रश, काळा रंग, अपारदर्शकता ५० टक्के, आणि चेहरा आणि हातांवर हलके फिरवा. खालचा फोटो अर्धा वर येतो. तिसरी प्रत रेडियस ३ ने करून ती चेहऱ्यापुरती ठेवली तर जोड दिसत नाही. पमाकाकांचे वडील म्हणायचे तेच, चेहरा हलका.

नाशिककर
गिम्पमध्ये जी-मिक हा फिल्टरांचा संच टाकून घ्या. त्यातला ब्रशिफाय ऑइलिफायपेक्षा शतपट चांगला.

रंगवेडा
चांगला आहे, पण मोठ्या फाइलवर रांगतो. गुरुवार गाठायचाय त्यांना.

अनु१२
कोकणात लावणार असाल तर मागे पुठ्ठा नको, दमट हवेत बुरशी धरते. आणि सागवानी पट्टीची फ्रेम घ्या.

वेदवती
अनु, लावणार पुण्यातच आहे, फ्रेमचं नंतर बघू.

अनु१२
नंतर नाही, आत्ताच बघा. दुकानदार कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणणार असेल तर चारी बाजूंनी दीड-दोन इंच कडेला वळतो. आमच्या चित्रात काकांचा अर्धा हात असाच चौकटीच्या मागे गेला.

वेदवती
बाई गं. आईचं डावं कोपर अगदी कडेला आहे. बरं झालं बोललीस.

अनु१२
मग कडेची २ इंचांची पट्टी उलटी करून, आरशासारखी, चारी बाजूंना जोड. २० बाय २८ होईल. आधी दुकानात विचारून घे, काही जण स्वतःच करून देतात.

वेदवती
मंडळी, स्कॅन आला! डोळा २९ पिक्सेल. आणि एक सांगायचं होतं. आईच्या मागे भिंतीवर नुसत्या रेघा म्हणून मी ज्या सोडून दिल्या होत्या, तो दुधाचा हिशोब आहे. खडूने लिहिलेला, आजीच्या हातचा. ‘सोम १॥, मंगळ १, बुध नाही.’ आजीची अक्षरं मी पहिल्यांदाच पाहिली. ती फिल्टरमध्ये जाऊ देणार नाही, मास्कमध्ये तीही उघडी ठेवतेय.

पण आता नवीन अडचण. सगळ्या फोटोवर बारीक जाळी दिसतेय, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. मोबाइलच्या फोटोत नव्हती.

रंगवेडा
सिल्क फिनिशचा कागद आहे, तेव्हाच्या बऱ्याच लॅबचा असायचा. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो म्हणून खळग्यांची सावली येते. भावाला आणखी एक स्कॅन काढायला सांगा, फोटो उलटा ठेवून, डोकं खाली. तो गिम्पमध्ये १८० अंश फिरवा, पहिल्यावर नेमका बसवा आणि वरच्याची अपारदर्शकता ५० करा. दोन्हीकडच्या सावल्या एकमेकींना बऱ्याच खाऊन टाकतात. बसवताना आईचा चेहरा आणि हिशोबाची अक्षरं पाहून जुळवा, ती जुळली की बाकी जुळतंच.

वेदवती
दुकान साडेआठला बंद होतं म्हणाला होता. आठ वाजून दहा झालेत, फोन लावते.