अनुभव धागा: परक्या दारात उभं राहताना

प्रवासात परक्या माणसाचं मन आपल्याला खरंच कळतं का? कुठे कळलं, कुठे साफ चुकलो, ते खानदेशातल्या आणि खानदेशाबाहेर गेलेल्या सगळ्यांनी लिहा. सुरुवात मी करते.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची होळी बघायला धुळ्याहून गेलो होतो. ती पेटते पहाटे, त्यामुळे रात्रभर ढोल. अंगभर पांढरे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरं असा एक बुध्या, म्हणजे होळीत असा सजून नाचणारा, नाचून दमून आम्ही उतरलो त्या अंगणात थांबला. अनवाणी पाय, टाचांना भेगा, भेगांत माती. मला बघवेना. खाट पुढे ओढली, "बसा ना दादा." त्याने मान हलवली. मी पुन्हा आग्रह केला, तेव्हा घरातली आजी म्हणाली, "त्याचं पाळणं आहे. खाटेवर बसत नाही, झोपतो पण जमिनीवर." मला दिसत होते हाल, आणि तो नवस फेडत होता. त्याच्या पायांत मी माझेच पाय बघत होते. आजही आठवलं की जीव चुटपुटतो.

---

मी रावेरचा, सध्या जर्मनीत. शेजारच्या आजींचे यजमान वारले. आपल्याकडे दारावर जातात, बोलायला काही नसलं तरी बसून राहतात. मी बेल वाजवली. त्यांनी दार अर्धवट उघडलं, आभार मानले, लावून घेतलं. किती कोरडी माणसं, असं वाटून त्या रात्री जेवण गेलं नाही. मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं, इथे आधी पत्र टाकतात. काळ्या किनारीचं कार्ड आणून चार मोडकी वाक्यं लिहिली. तीन आठवड्यांनी त्यांनीच कॉफीला बोलावलं, जुने फोटो काढले. निम्मं बोलणं डोक्यावरून गेलं. त्या रडल्या तेव्हा मला माझी माय आठवली. माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण डोळे पुसत त्यांनी विचारलं, "तुझी आई कुठे असते?"

---

ताई, मी धडगावकडचा, पावरा आदिवासी. पुण्यात होस्टेलची पोरं चांगली होती, पण "तिकडे कुपोषण फार ना?" असं आवाज बारीक करून विचारायची. प्रश्न खोटा नाही. पण महू, म्हणजे मोहाची फुलं, वेचायला पहाटे जातो तेव्हा वास कसा सुटतो, होळीआधी भोंगऱ्या बाजार कसा भरतो, हे कुणी विचारलं नाही. एकच मित्र सुट्टीत आठवडाभर घरी राहिला. डोंगर चढताना त्याला धाप लागायची, माझी धाकटी बहीण वर थांबून त्याची वाट बघायची. परत गेल्यावर त्याचा आवाज माझ्याशी कधी बारीक झाला नाही.

पुढच्या होळीला आमच्याकडे या. खाट आहे घरी, तुमच्यासाठी टाकू.