“डोळे मिटून घ्या” म्हणणाऱ्यांना उत्तर: आधी सूची दोन उघडा

ताम्हण

परवा इथे फोरमवर ‘घाटमाथा’ या आयडीच्या सदस्यांनी लिहिलं, “आकडे बघत बसणारे आयुष्यभर भाड्यानेच राहतात. पुरंदरला विमानतळ येतोय, रिंगरोड येतोय. डोळे मिटून जागा घ्या.” त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. तिथे चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

२०१९ मध्ये मी डोळे मिटूनच घेतला होता. उंड्रीत, ताबा मिळालेला टू बीएचके, ६२ लाखांना. मुद्रांक-नोंदणी धरून ६६. एजंटने लॅपटॉपवर आलेख दाखवला, पुण्याचे दर दहा वर्षांत कसे चढले त्याचा. पुण्याचे, माझ्या गल्लीचे नव्हेत. आज भाडं १७ हजार येतं, तेही वर्षाचे अकरा महिने, कारण उन्हाळ्यात पाण्याला कंटाळून भाडेकरू जातो आणि नवा पावसाळ्यात येतो. मेंटेनन्स महिना ४,५००, त्यातले १,९०० फक्त टँकरचे. घरपट्टी १४ हजार. सगळं वजा जाता वर्षाला १ लाख १९ हजार उरतात. म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत.

२०२३ मध्ये पुन्हा थोडे पैसे हाताशी आले तेव्हा ठरवलं की शहराचा आलेख कुणी दाखवला तरी बघायचा नाही. बावधनच्या पुढे एका सोसायटीत फ्लॅट सांगत होते ८५ लाख. नोंदणी विभागाच्या साइटवर त्याच सर्व्हे नंबरचे तीन वर्षांचे दस्त काढले, म्हणजे सूची दोनचे उतारे; कोणता फ्लॅट कितीला नोंदला ते त्यांत असतं. फुकट मिळतात, एक रविवार जातो. त्याच इमारतीतले, तेवढ्याच क्षेत्रफळाचे तीन फ्लॅट पुनर्विक्रीत गेले होते: ७१, ६९ आणि ६६ लाख. दर खाली येत होता आणि जाहिरात वर चालली होती. मग वॉचमनच्या टेबलावरचं टँकरचं रजिस्टर चाळलं. सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल मागितला, तेव्हा मेंटेनन्स थकवलेल्यांची यादी दीड पान होती. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर पुढच्या विंगची पूर्ण होण्याची तारीख दोनदा वाढवलेली दिसली.

नाही घेतला. कर्वेनगरला जुन्या इमारतीत वन बीएचके घेतला, ४८ लाखांत. भाडं साडेसोळा हजार, बारा महिने. नळाला महापालिकेचं पाणी.

घाटमाथा, या चार कागदांनी माझे ८५ लाख वाचवले. त्यावर तुमचं म्हणणं काय, ते सांगा.

घाटमाथा

सांगतो. २००६ मध्ये वाकडला १९ लाखांना फ्लॅट घेतला. रस्त्यावर म्हशी आणि खड्डे, पाणी बोअरचं. तेव्हा तुमची सूची दोन काढली असती तर काय दिसलं असतं? शेतजमिनीचे चार व्यवहार. तुमच्या हिशोबाने मी तो घ्यायलाच नको होता. आज त्याचे ९० येतात आणि मुलीचं शिक्षण त्यावर झालं.

सूची दोन काल काय झालं ते सांगते. आणि कालचंही खरं सांगते का? पुनर्विक्रीत किती पैसे चेकने जातात आणि किती पिशवीतून, हे तुम्हाला ठाऊक नाही असं समजायचं का मी? ६६ लाखांचा दस्त म्हणजे ६६ लाखांना विकला गेला, हे गृहीतकच कच्चं आहे.

अजून एक. सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ सरकारने मुद्रांक शुल्कात सवलत दिली, डिसेंबरपर्यंत तीन टक्के आणि नंतर दोन. दस्तांचा पाऊस पडला. ते आकडे बघून किती जणांनी ‘मागणी वाढली’ म्हणून उड्या मारल्या! लोकसंख्येचं म्हणाल तर शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा तुमची उंड्री महापालिकेतही नव्हती. असल्या आकड्यांवर विसंबायचं?

आणि कर्वेनगरच्या जुन्या इमारतीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का, ते नाही सांगितलंत.

ताम्हण

नाही झालेलं. मानीव अभिहस्तांतरणाचा (मालकाच्या सहीशिवाय, सरकारी आदेशाने होणाऱ्या) अर्ज केलाय, जमीनमालकाचे वारस आठ आहेत. हे मी लिहायला हवं होतं, मान्य.

रोखीचा मुद्दा मात्र अर्धाच मान्य. तिन्ही व्यवहारांत रोख असेल असं धरलं तरी आकडा दर वेळी खालीच का गेला?

तळमजला

माझा मुद्दा वेगळा आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी सिंहगड रोडला नदीच्या बाजूला भाड्याने राहत होते, आयडी बघून मजला कळेलच. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं. पहाटे जाग आली ती गादी ओली लागली म्हणून. आईला खुर्चीत बसवून दोघांनी जिन्यावर नेलं. फ्रिज तरंगत होता.

नंतर एका ओळखीच्या आर्किटेक्टने विकास आराखड्याचा नकाशा दाखवला. आमची इमारत निळ्या रेषेच्या आत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा, आणि तिच्या आत बांधकाम निषिद्ध. नकाशा सगळ्यांना खुला आहे. घरमालकाने घेताना तो बघितला असता, तर मी तिथे नसते. वर त्याने डिपॉझिटमधून रंगाचे २५ हजार कापले. भिंती पुराने खराब झाल्या होत्या, मी नाही केल्या.

घाटमाथा

वाईट झालं. पण गुंतवणुकीच्या नजरेने बघाल तर तिथले दर पुरानंतरही फारसे पडलेले नाहीत. मी स्वतः चौकशी केली आहे.

तळमजला

माझी आई त्यानंतर तीन आठवडे दवाखान्यात होती आणि तुम्ही मला दर पडले नाहीत म्हणून सांगताय? पडले नाहीत, कारण तुमच्यासारखे पुढच्या गिऱ्हाइकाला सांगत नाहीत.

घाटमाथा

मी एजंट नाही. जपून बोला.

निवृत्त_अभियंता

दोघांनीही शांत व्हावे. मूळ प्रश्न पाण्याचा आहे आणि त्यावर कोणीच नीट बोललेले नाही.

ताम्हण ताई, तुमच्या सोसायटीत किती सदनिका? १८० धरू. घरटी चार माणसे, माणशी १३५ लिटर हे प्रमाण. म्हणजे रोज ९७,२०० लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर रोज. एका टँकरला ११०० रुपये धरले तर वर्षाला ४० लाख, सदनिकेमागे महिना १,८५० च्या वर. तुमचे १,९०० याच्याशी जुळतात, म्हणजे तुमच्याकडे नळाचे पाणी जवळजवळ शून्य आहे. हे गणित इमारत बांधण्याआधीच मांडता येते. कोणी मांडत नाही, कारण परवानगीच्या वेळी बिल्डर हमीपत्र लिहून देतो की पालिकेचे पाणी येईपर्यंत पाणी मी पुरवीन. सोसायटी स्थापन झाली की ते हमीपत्र कोणाच्या कपाटात जाते ते विचारा. महापालिकेने हद्दीत २०१७ मध्ये ११ गावे घेतली, २०२१ मध्ये २३. करआकारणी लगेच. जलवाहिनी कधी? मी स्वतः पाच अर्ज केले, उत्तर एकाचेही नाही.

दुबईकर

काका, वाघोलीत अगदी हेच. मी इथे बसून पोर्टलवरचे ‘लोकॅलिटी स्कोअर’ बघून घेतला. शाळा १० पैकी ८, रस्ते ७. पाण्याचा रकानाच नव्हता. तीन वर्षांत चार भाडेकरू. शेवटच्याने स्पष्ट सांगितलं, साहेब, फ्लॅट छान आहे, पण सकाळी नऊनंतर अंघोळ होत नाही.

ताम्हण

१९६ सदनिका. काही बंद असतात, म्हणून आकडा जुळला असेल. आमच्या बिल्डरचं हमीपत्र आम्ही माहिती अधिकारात काढलं. मिळालं. त्याचं पुढे काय करायचं, ते वकिलाला विचारतोय.

निवृत्त_अभियंता

प्रत इथे टाका, नावे झाकून. प्रत्येक सोसायटीने काढावी. आणि बोअरची खोलीही विचारत चला. आमच्याकडे पहिले बोअर ३०० फुटांवर लागले, गेल्या वर्षीचे ८०० फुटांवरही कोरडे गेले.

दुबईकर

टँकरच्या पाण्याची तपासणी कोण करतं? जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण निघाले, तेव्हा आमच्या ग्रुपवर आठवडाभर हाच विषय होता.

कऱ्हाकाठ

टँकर, टँकर, टँकर. पाणी कुठून येतं ते विचारलं का एकानं तरी? तुमच्या टँकरला पाणी आमच्यासारख्यांच्या विहिरीतून येतं. विकणारा आमचाच असतो, तेही कबूल करतो, कारण अंजिराला भाव नसेल त्या साली टँकर भरून दिलेला परवडतो. पण पुरंदर दुष्काळी तालुका आहे. आमच्या वाड्यांना उन्हाळ्यात सरकारी टँकर लागतो.

आता त्या “डोळे मिटून घ्या” वर. विमानतळासाठी जी सात गावं धरलीत, त्यांतलं एक माझं. २०१६ ला जागा जाहीर झाली, मधे दुसरीकडं न्यायची म्हणाले, परत आमच्याकडंच आणली. त्या काळात गाड्या भरून लोक यायचे. चुलत्यानं दीड एकर दिली, पोरीच्या लग्नाला पैसे हवे होते म्हणून. घेणाऱ्यानं गुंठ्यागुंठ्यानं वाटली. एका सातबाऱ्यावर आता बावीस नावं आहेत. एकमेकांना ओळखत नाहीत, हद्द कुणाची कुठं ते त्यांनाच ठाऊक नाही. तुकडेबंदीमुळं, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला असलेल्या बंदीमुळं, तेव्हा स्वतंत्र दस्त होत नव्हता हे त्यांना नंतर कळलं.

तुम्हाला स्थानिक माहितीच पाहिजे ना ताई? मग सूची दोनवर थांबू नका. फेरफार वाचा, जमिनीच्या मालकीत झालेले बदल त्यांत नोंदलेले असतात. आमच्या गावचे २०१५ पासूनचे फेरफार लावून बघा, बाहेरची आडनावं कधीपासून लागली ते. काहींची नावं जागा जाहीर व्हायच्या आधी लागलेली आहेत. त्यांना माहिती होती. तुम्हाला पेपरात आल्यावर कळलं. तुम्ही घेताय तेव्हा ते विकतायत.

घाटमाथा

दादा, तुमच्या भावना समजतात. पण चुलत्यांना त्या वेळचा भाव मिळालाच ना? जबरदस्ती कुणी केली नव्हती.

कऱ्हाकाठ

भाव मिळाला. पोरीचं लग्न झालं, एक बोलेरो आली, पाच वर्षांत पैसे संपले. आता चुलता त्याच रानाच्या कडेला दुसऱ्याच्या पोल्ट्रीवर रात्रपाळी करतो. हा आकडा कुठल्या साइटवर मिळतो, सांगा.

तळमजला

हे वाचून मघाचा माझा डिपॉझिटचा राग मलाच लहान वाटायला लागला.

निवृत्त_अभियंता

कऱ्हाकाठ यांचा फेरफाराचा मुद्दा मला नवीन आहे. विहिरीचाही. सोसायटीच्या बैठकीत मांडतो. मात्र पालिकेने पाणी दिले असते तर विहिरी उपसाव्या लागल्याच नसत्या, हे माझे मत कायम आहे.

ताम्हण

घाटमाथा, वाकडबद्दल तुमचं बरोबर आहे, तेही सांगून टाकते. २००६ मध्ये कागदावर काहीच दिसलं नसतं. पण तुम्हाला हिंजवडीतल्या कंपन्यांच्या बस रोज दिसत होत्या. तुम्ही स्वतः तिथे जात होतात, मित्र घर शोधत होते. डोळे मिटले नव्हतेत तुम्ही. तुमच्या शब्दावर विसंबून आज पुरंदरला गुंठा घेणारा तिथे एकदाही गेलेला नसतो.

घाटमाथा

बसचं खरं आहे. मी स्वतः हिंजवडी फेज एकमध्ये कामाला होतो.

माझं मत बदललेलं नाही. आकड्यांच्या मागे लागून संधी घालवणारे मी पुष्कळ पाहिले, सख्खा भाऊ त्यातलाच. पण मेहुण्याने गेल्या महिन्यात सासवडकडे दोन गुंठ्यांसाठी ५१ हजार टोकन दिलंय, माझ्याच सांगण्यावरून. कागद म्हणून त्याच्याकडे सातबाऱ्याचा फोटो आहे आणि त्यावर सतरा नावं दिसतात. कऱ्हाकाठ दादा, जुने फेरफार कुठे बघायचे?

कऱ्हाकाठ

सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. अलीकडचे महाभूमीवर, म्हणजे सरकारच्या जमीन नोंदींच्या साइटवर, सापडतील. जुने तलाठ्याकडं, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात. गट नंबर इथं टाकू नका, व्यनि (खासगी निरोप) करा. आणि मेहुण्यांना म्हणावं, बाकीचे पैसे देऊ नका अजून. मंगळवारी मला तहसीलला जायचंच आहे.